सॅपर मागे राहतात? छे!

‘सॅपर म्हणजे लढाई आटोपल्यावर रस्ते-पूल बांधणारे,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करातल्या अभियंता सैनिकांच्या दलाचा, इतिहास नेमका उलटं सांगतो.

एप्रिल 1948, पाकिस्तानशी काश्मीरची लढाई सुरू. जम्मू भागातला नौशेरा-राजौरी रस्ता सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी बंद. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. वरच्या चालकाला इशारा हातातल्या दोरीने, ओढली की चल किंवा थांब. वरून गोळीबार चालूच. मॉर्टरच्या माऱ्यात ते जखमीही झाले होते. तरी काम थांबलं नाही, रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत पोहोचले.

परमवीरचक्र मरणोत्तरच मिळतं, हाही एक गैरसमज. राणेंनी ते हयातीत स्वीकारलं.

आणि ‘सॅपर’ शब्दाचं मूळ? शत्रूच्या तटाकडे नेणारा खंदक खोदणारा. म्हणजे सर्वांत पुढे असलेला.