जुन्या मदरबोर्डवर डिस्कला जागा का पुरत नाही?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या फोटो स्टुडिओंत आणि व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे जुन्या हार्डडिस्क बाहेर निघतात. २०१५च्या पर्वणीचं रामकुंडावरचं, त्र्यंबकेश्वरचं चित्रण त्यांच्यावर आहे. आता नव्या चित्रणाला जागा हवी आणि कामाचा डेस्कटॉप दहा-बारा वर्षांचा. त्यात आणखी दोन डिस्क बसतील का? याचं उत्तर कॅबिनेटमध्ये जागा किती यापेक्षा मदरबोर्ड कोणत्या सालचा यावर जास्त ठरतं. म्हणून आधी थोडा इतिहास.

आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीत हार्डडिस्क नव्हतीच. १९८३च्या एक्सटी मॉडेलमध्ये ती आली, १० एमबीची. तिला चालवणारं कंट्रोलर कार्ड वेगळं असे आणि मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसे. १९८६च्या सुमारास कॉम्पॅकने वेस्टर्न डिजिटल आणि कॉनर यांच्या मदतीने हा कंट्रोलर थेट डिस्कवरच चढवला. आयडीई म्हणतात ती जोडणी हीच. मदरबोर्डचं काम ४० पिनांच्या एका कनेक्टरपुरतं उरलं, खर्च उतरला आणि हार्डडिस्क सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला सुरुवात झाली.

एका चपट्या केबलवर दोनच डिस्क का, याचं कारणही याच रचनेत आहे. कोणत्या डिस्कशी बोलायचं हे ठरवायला एकच बिट ठेवला होता. त्याच्या किमती दोनच, शून्य किंवा एक. म्हणून एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोणता हे सांगणारे ते जंपर, म्हणजे डिस्कमागच्या पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या. पुढे बोर्डांवर दोन चॅनल आले आणि आकडा चारवर गेला. त्यातला एक सीडी ड्राइव्ह खाई.

पोर्ट मोकळा असूनही डिस्क पूर्ण दिसत नाही, ही दुसरी अडचण. ती निव्वळ गणिताची आहे आणि मला या साऱ्या इतिहासात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक पिढीने डिस्कवरची जागा सांगणाऱ्या पत्त्यासाठी ठरावीक बिट राखले आणि डिस्क त्यांच्यापेक्षा लवकर मोठ्या झाल्या. जुन्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, १०२४ सिलिंडर (वर्तुळाकार पट्टे), १६ हेड (वाचणारी टोकं) आणि ६३ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) एवढंच मोजता येई. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशोब केला तर ५२८ एमबीला भिंत लागते. पुढे २८ बिटांच्या पत्त्याने १३७ जीबीला अडवलं. २००२च्या सुमारास आलेल्या ४८ बिटांच्या पत्त्याने ती भिंत पडली, पण बायोस जुना असेल किंवा विंडोज एक्सपीवर सर्व्हिस पॅक १ नसेल, तर १६० जीबीची डिस्क १३७च दाखवी. त्यानंतरची भिंत २.२ टीबीची. ती एमबीआर या पार्टिशन पद्धतीतल्या ३२ बिटांमुळे आहे आणि आजही अनेकांना आडवी येते. ४ टीबीची डिस्क केवळ डेटासाठी लावायची असेल तर जीपीटी या नव्या पद्धतीने पार्टिशन करा, विंडोज ७ किंवा नंतरची असेल तर ती साधारणपणे पूर्ण वापरता येते. विंडोज तिच्यावरूनच सुरू करायचं असेल तर मात्र बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय असलेला बोर्ड लागतो.

आयडीईच्या जागी बारीक केबलची साटा ही जोडणी आली. तिच्या १.० मालिकेतलं १.०ए हे मानक जानेवारी २००३चं. त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थ होता आणि फोटो अजून मुख्यतः रोलवर निघत होते. इंटेलच्या ८६५ चिपसेटचे (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपांच्या संचाचे) बोर्ड त्या वर्षी आले. त्यांच्या आयसीएच५ साउथब्रिजमध्ये, म्हणजे त्या संचातल्या डिस्क सांभाळणाऱ्या चिपमध्ये, साटाचे दोन पोर्ट आणि आयडीईचे दोन चॅनल होते. साटात एका केबलवर एकच डिस्क, त्यामुळे मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच संपला, पण पोर्ट मोजून मिळू लागले. २००६च्या आयसीएच८पासून इंटेलने चिपसेटमधून आयडीई काढूनच टाकलं. त्यानंतरच्या बोर्डावर आयडीईचा कनेक्टर दिसला तर तो वेगळ्या चिपवर चालतो.

याच संक्रमणातला एक दोष मुद्दाम सांगण्यासारखा आहे. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ साउथब्रिजच्या बोर्डांवर ३ जीबीपीएसची (सेकंदाला ३ गिगाबिट वेगाची) साटा डिस्क अनेकदा डिटेक्टच होत नसे. वेग ठरवण्याची बोलणीच नीट होत नसत. डिस्कच्या मागचा छोटा जंपर लावून वेग १.५वर बांधला की ती दिसे. आजही असा बोर्ड हाती आला आणि डिस्क दिसली नाही तर ती मेली असं धरून टाकू नये. आधी जंपर पाहावा. त्या डिस्कवर कुणाच्या तरी लग्नाचं संपूर्ण शूटिंग असू शकतं.

२०११नंतर घरोघरी आणि दुकानांत दिसलेला चिपसेट म्हणजे एच६१. त्याचे साटा पोर्ट चार, सगळे ३ जीबीपीएसचे. एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपांची डिस्क), जुनी डिस्क आणि डीव्हीडी रायटर लावला की एकच पोर्ट उरतो. त्यापुढे जायचं तर पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये साटा कार्ड लावणं हा सरळ मार्ग. एएसएम१०६१ चिपची दोन पोर्टची कार्डं यासाठी चालतात. बोर्डाचा तो स्लॉट पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीचा असेल तर एका दिशेला सेकंदाला ५०० एमबीची वाट मिळते आणि दोन्ही डिस्क ती वाटून घेतात. फिरत्या डिस्कना ती पुरेशी आहे. त्याहून जुन्या, साध्या पीसीआय स्लॉटमध्ये मात्र सगळ्या कार्डांना मिळून १३३ एमबीच. तिथे एसएसडी लावण्यात पैसे घालवू नयेत.

वीज हा विषय इतिहासात छोटा, पण बेफिकिरी इथेच जास्त होते. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपियर ओढते. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, जुना असेल तर चार डिस्क एकदम फिरू लागल्यावर तो मान टाकू शकतो. चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा वीज काढणारे स्वस्त अडॅप्टर, विशेषतः प्लास्टिक ओतून बंद केलेले, आत शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतील असा, दाबून बसवलेला कनेक्टर घ्यावा.

एनव्हीएमई म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवरून थेट चालणारी वेगवान एसएसडी. तिचं पहिलं मानकही २०११चंच, पण जुन्या बोर्डांच्या बायोसला त्यावरून सुरू होणं सहसा जमत नाही. स्लॉटमधल्या अडॅप्टरवर ती बसवली तर विंडोज १०ला ती डेटा डिस्क म्हणून दिसते. विंडोज स्वतः साटाच्या एसएसडीवर ठेवायचं आणि एडिटिंगच्या फाइल एनव्हीएमईवर, अशी मांडणी अशा यंत्रात उत्तम चालते.