निकोडेमस: जमिनीतून धूर निघणारे गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ निकोडेमस नावाची छोटी वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही आणि महापौरही नाही. २०२० च्या जनगणनेत येथे अवघी १४ माणसे नोंदली गेली. तरीही यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस वसवलेल्या गावांपैकी आजवर टिकून राहिलेले सर्वांत जुने गाव म्हणून तिचे मोल फार मोठे आहे.

डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हे गोरे जमीन-व्यावसायिक यांनी १८७७ मध्ये या गावाची आखणी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंटकी राज्यातून सुमारे ३०० जण येथे आले. त्यांतील अनेकांचा जन्म गुलामगिरीत झाला होता आणि स्वतःची जमीन हे त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचेच दुसरे नाव होते. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव कुठे आहे असे विचारले, तेव्हा त्यांच्या पतीने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. ते पाहून त्यांना रडू कोसळले.

लोक जमिनीखाली राहत होते, याचे कारण तेथील भूगोलात आहे. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारे बाष्प पश्चिमेकडे जाताना विरळ होत जाते आणि पॅसिफिककडून येणारे बाष्प रॉकी पर्वत अडवतो. त्यामुळे शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या आसपास गवत भरपूर वाढते, पण झाडे नदीनाल्यांच्या काठापुरतीच उरतात. घर बांधायला लाकूड मिळेना, म्हणून वसाहतकऱ्यांनी उतारावर माती खणून खोल्या केल्या आणि धुराडे तेवढे वर काढले. खोलवरच्या मातीत तापमानाचा चढउतार मंदावतो. त्यामुळे बाहेर हिमवादळ घोंघावत असतानाही आत जगता येत असे, मात्र अंधार आणि ओल सोसावी लागे. त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी त्यांना अन्न दिले. पुढे नांगर आणि घोडे पुरेसे नसल्याने गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन अनेकांनी कुदळ-फावड्याने फोडली.

यातूनही गाव उभे राहिले. दुकाने, चर्च, शाळा, हॉटेल आणि वृत्तपत्रेही आली. तेथेच राहणारे एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. लोहमार्ग गावातून जावा यासाठी ग्रामस्थांनी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. पण १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली आणि व्यापारी आपली दुकाने घेऊन रुळांजवळच्या बोग या गावी गेले. गाव खंगण्याचे मूळ, माझ्या मते, दुष्काळापेक्षा या काही मैलांच्या अंतरात अधिक आहे, कारण धान्य बाजारात पोहोचलेच नाही, तर ते पिकवून उपयोग काय? पुढे १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी उरलेसुरले कंबरडे मोडले.

१९९६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मातीची घरे केव्हाच ढासळली, पण चुनखडीच्या दगडात बांधलेले १९३९ चे टाउनशिप सभागृह अजून उभे आहे. दरवर्षी जुलैअखेरीस मुक्तिदिनाच्या सोहळ्यासाठी दूरदूर पांगलेली वंशज मंडळी गावी परततात.