तुमचा निवांत पझल गेम बाजारात चालेल का?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मन शांत करणारा पझल गेम घेऊन येणारा प्रत्येक जण आम्हाला एकच विचारतो, "चालेल का?" त्याचं उत्तर आम्ही कसं शोधतो, ते इथे सांगतो.

गेम आधी कोल्हापूरकरांच्या हातात जातो. राजारामपुरीतले दुकानदार, शिवाजी विद्यापीठातली मुलं, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या काकू. आम्ही समजावून काहीच सांगत नाही, शेजारी बसून नुसतं बघतो. बोट कुठं अडखळतं? चूक झाल्यावर कपाळाला आठी पडते का? फोन परत देताना माणूस काय बोलतो? निवांत गेममध्ये अवघडपणा चालतो, धाक चालत नाही. टायमर, संपत जाणारे जीव, 'आज खेळला नाहीत' असं टोचणारं नोटिफिकेशन, हे सगळं शांततेच्या मुळावर येतं. चाल मागे घेता येते का, हे आम्ही सर्वांत आधी तपासतो. आवाज बंद ठेवूनही खेळून बघतो, कारण गर्दीच्या केएमटी बसमध्ये बसलेल्याला तुमचं सुंदर संगीत ऐकू येणार नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसंही असतात. रंगांच्या कोड्यात आकाराची खूण हवीच.

आता बाजार. 2014 च्या फेब्रुवारीत 'थ्रीज' हा आकडे जुळवण्याचा पझल गेम आला, त्यामागे वर्षाहून जास्त मेहनत होती. पुढच्याच महिन्यात त्याच धाटणीचा '2048' एका तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवून फुकट सोडला आणि तोच जगभर पसरला. साध्या नियमाची नक्कल लगेच होते. म्हणून तुमच्या गेममध्ये सहज उचलता न येणारं काय आहे, चित्रशैली की कोड्यांची रचना, हे आम्ही खोदून खोदून विचारतो.

कमाईचा मार्ग गेम बनवतानाच ठरवा. दोन कोड्यांच्या मध्ये पूर्ण पडद्यावर आदळणारी जाहिरात आली की निवांतपणा संपला. कोडं सोडवायला हिंट हवी असेल तेव्हा खेळाडूने स्वतःहून बघितलेली जाहिरात, किंवा एकदाच पैसे भरून जाहिराती बंद, हे दोन मार्ग आम्हाला पटतात. अमेरिकेतल्या खेळाडूमागे जाहिरातीचे पैसे भारतापेक्षा बरेच जास्त मिळतात, आणि शब्द नसलेल्या कोड्याला भाषांतर लागत नाही. तेव्हा पडद्यावरचा मजकूर जितका कमी, तितकं बरं.

सुरुवात अँड्रॉइडवर करा. गूगल प्लेची नोंदणी एकदाच 25 डॉलर, ॲपलची दरवर्षी 99. गूगलवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडलेल्या लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. ती अट म्हणून उरकू नका. दुसऱ्या आणि सातव्या दिवशी कोण आपणहून परत आलं, हे तिथेच दिसू लागतं.

गेम पूर्ण होईपर्यंत थांबू नका. दहा-पंधरा कोडी चालू झाली की एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर गेम टाकायची फाइल, घेऊन या. घरात जुना, स्वस्तातला अँड्रॉइड फोन असेल तर तोही आणा. फोन तापतो का, बॅटरी किती खातो, हे त्याच्यावरच कळतं.