कंपास (मॉंगोडीबी)

मॉंगोडीबी या डॉक्युमेंट डेटाबेसमधील (माहिती तक्त्यांऐवजी 'डॉक्युमेंट' नावाच्या सुट्या नोंदींत ठेवणाऱ्या डेटाबेसमधील) माहिती पडद्यावर पाहण्याचे, तपासण्याचे व बदलण्याचे ग्राफिकल साधन. शेलमध्ये आज्ञा टाइप करून होणारी बरीच कामे यात माउसने होतात.

मॉंगोडीबीची निर्माती कंपनी २००७ मध्ये न्यूयॉर्कला 'टेनजेन' या नावाने सुरू झाली. २०१३ मध्ये तिने डेटाबेसचेच नाव घेतले. कंपासचा आरंभ सामान्यतः डिसेंबर २०१५ चा, म्हणजे मॉंगोडीबी ३.२ बरोबरचा धरतात. तथापि त्याच वर्षी उन्हाळ्यात ते 'स्काउट' या नावाने दाखविले गेले होते. ते वापरकर्त्यांच्या हाती पडले तो काळ आरंभ मानणे अधिक सयुक्तिक होय. त्याआधी रोबोमोंगोसारखी बाहेरची साधने रूढ होती. २०२० पासून कंपासची पूर्ण आवृत्ती मोफत आहे. तिचा स्रोतही खुला असला, तरी त्यावरील एसएसपीएल परवाना मुक्तस्रोत परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मान्य केलेला नसल्याने कंपासला 'मुक्तस्रोत' म्हणताना जपून म्हणावे.

कंपासचे खरे वैशिष्ट्य 'स्कीमा' (माहितीचा आराखडा) या टॅबमध्ये आहे. डॉक्युमेंट डेटाबेसला आराखडाच नसतो, असे एक मत. आराखडा असतो, फक्त तो डेटाबेसऐवजी माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतो, हे दुसरे. कंपास वापरून पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. समजा, ग्राहकांच्या कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या संचात) पिनकोड काही ठिकाणी ४११०३० असा अंक म्हणून, तर काही ठिकाणी "४११०३०" अशी अक्षरमाला म्हणून साठला आहे. अंक देऊन शोधल्यास दुसऱ्या गटातील एकही डॉक्युमेंट सापडत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. स्कीमा टॅबमध्ये मात्र त्या एका फील्डपुढे (डॉक्युमेंटमधील रकान्यापुढे) दोन प्रकार टक्केवारीसह दिसतात.

ही टक्केवारी संपूर्ण कलेक्शनची नसते. कंपास सुमारे १,००० डॉक्युमेंटांचा यादृच्छिक नमुना घेते. १० लाखांपैकी १०० डॉक्युमेंटांतच एखादे फील्ड असेल, तर ते दहापैकी साधारण एकाच नमुन्यात आढळेल. म्हणून 'दिसले नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेऊ नये.

डॉक्युमेंट जागीच दुरुस्त करता येते. फील्डच्या उजवीकडील यादीतून त्याचा प्रकारही बदलतो. दुरुस्ती चालू असताना तेच मूल्य दुसऱ्या कोणी बदलले असल्यास कंपास ते परस्पर पुसून टाकत नाही, इशारा देते. शोध कसा पार पडला ते दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन'मध्ये 'कोलस्कॅन' दिसले, तर शोधासाठी इंडेक्स (जलद शोधाची सूची) न वापरता सगळे कलेक्शन चाळले गेले असे समजावे. ॲग्रिगेशनच्या (माहिती टप्प्याटप्प्याने गाळून एकत्रित करण्याच्या) पायऱ्या रचणे, आयात-निर्यात, अंतर्भूत शेल या सोयी आहेतच.

'रीडओन्ली' आवृत्तीत लिहिण्याची सोय काढलेली असते. 'आयसोलेटेड' आवृत्ती जोडलेल्या डेटाबेस सर्व्हरखेरीज नेटवर्कवर इतरत्र संपर्क साधत नाही. रीडओन्ली आवृत्ती म्हणजे सुरक्षाव्यवस्था नव्हे: सर्व्हरवर लिहिण्याचा अधिकार असलेली व्यक्ती शेल उघडून तेच बदल करू शकते.