बौद्ध धर्मात देव नाहीतच?

‘बौद्ध धर्मात देव नाहीतच’ हे इतक्यांदा कानावर पडतं की खरंच वाटू लागतं. पण पाली त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे धर्मग्रंथ, उघडलं की जागोजागी देव भेटतात. इंद्र तिथे सक्क या नावाने येतो, बुद्धांना शंका विचारतो. संबोधीनंतर, म्हणजे बुद्धांना ज्ञानप्राप्ती झाल्यावर, ‘धम्म शिकवा’ अशी विनवणी करतो तो ब्रह्मा सहंपती.

बौद्ध धर्मात नाही तो जग घडवणारा, त्यावर सत्ता चालवणारा ईश्वर. हे देव आपल्यापेक्षा सुखी, दीर्घायुषी. पण पुण्याई सरली की मरण आणि पुनर्जन्म त्यांनाही चुकत नाही.

त्रिपिटकातल्या दीघनिकाय या संग्रहातलं केवट्ट सुत्त (सुत्त म्हणजे उपदेश) मला यासाठी फार मोलाचं वाटतं. चार महाभूतं (पृथ्वी, आप, तेज, वायू) कुठे निःशेष होतात, हे विचारत एक भिक्खू थेट महाब्रह्म्यापर्यंत पोचतो. ब्रह्मा म्हणतो, मी निर्माता, मी सर्वांचा पिता. भिक्खू प्रश्न सोडत नाही. शेवटी ब्रह्मा त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेतो: या देवांसमोर बोललो नाही, पण मलाही ठाऊक नाही, बुद्धांनाच विचार.

आणि स्वतः बुद्ध? द्रोण ब्राह्मणाने त्यांना विचारलं, आपण देव आहात का? नाही. मग मनुष्य? तेही नाही. मला बुद्ध समज, असं ते म्हणाले.