ईसीजीवरून हृदयतालातील बिघाड ओळखणे

हृदयाच्या ठोक्यांचा वेग, नियमितपणा किंवा उगम बिघडला की त्याला अतालता म्हणतात. ईसीजीच्या पट्टीवर ती ओळखताना मुख्य प्रश्न एकच: पी तरंग (वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या उद्दीपनाची लहान लाट) कुठे आहे आणि क्यूआरएसशी (खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या उद्दीपनाच्या टोकदार लाटांशी) त्याचा मेळ बसतो का?

आधी कागदाचा वेग पाहावा. नेहमीच्या सेकंदाला २५ मिमी वेगात लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२० सेकंदाचा असतो. मिनिटाची गती काढताना ताल नियमित असेल तर दोन आर तरंगांमधील (आर म्हणजे क्यूआरएसचे उंच टोक) मोठ्या चौकोनांच्या संख्येने ३०० ला भागावे. अनियमित असेल तर १० सेकंदांतील क्यूआरएस मोजून सहाने गुणावे. निरोगी तालात लीड २ मध्ये (लीड म्हणजे इलेक्ट्रोडांमधून हृदयाकडे पाहण्याची ठरावीक दिशा) पी सुलटा असतो, पीआर अंतर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत) ०.१२ ते ०.२० सेकंद आणि क्यूआरएस ०.१२ पेक्षा अरुंद.

पी नाही आणि आर-आर अंतरांना कसलाच धरबंध नाही, तर ते एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांचे बेताल थरथरणे). गती मिनिटाला १५० च्या आसपास हलेनाशी झाली असेल तर फ्लटरची (अलिंदांच्या जलद पण नियमित तालाची) शंका घ्यावीच. त्यात अलिंदे मिनिटाला सुमारे ३०० वेळा उद्दीपित होतात आणि दर दुसराच आवेग निलयांपर्यंत पोहोचतो. करवतीच्या दात्यांसारख्या लाटांपैकी एक क्यूआरएसमध्ये किंवा टीमध्ये (क्यूआरएसनंतर निलये पूर्ववत होतानाच्या लाटेत) दडते, म्हणून हा ताल साध्या सायनस टॅकिकार्डियात (हृदयाच्या नेहमीच्या उगमातून येणाऱ्या जलद तालात) खपून जातो. लीड २, ३, एव्हीएफ आणि व्ही१ बारकाईने पाहावेत.

रुंद क्यूआरएसचा जलद, नियमित ताल दुसरे काही सिद्ध होईपर्यंत व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच (निलयांतून उगम पावणारा जलद ताल) मानावा. रुग्ण बोलतो आहे, रक्तदाब ठीक आहे, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण असा ताल वरच्या कप्प्यांचा समजून व्हेरापामिल (हृदयाची गती मंद करणारे औषध) दिले तर रक्तदाब कोसळू शकतो. क्यूआरएसशी संबंध नसलेले पी किंवा मधेच उमटलेला एखादा अरुंद ठोका निदान पक्के करतो.

ठोका गळत असेल तर कागदाच्या कडेवर पीच्या खुणा करून ती कड पुढे सरकवावी, म्हणजे पी ठरावीक अंतराने येतात का ते कळते. पीआर वाढत जाऊन ठोका गळणे म्हणजे मोबिट्झ १ प्रकारचा रोध (अलिंदांकडून निलयांकडे जाणाऱ्या आवेगाला अडथळा). पीआर तेवढाच राहून अचानक गळणे म्हणजे मोबिट्झ २, आणि हा जास्त धोक्याचा. पी व क्यूआरएस आपापल्या गतीने चालले असतील तर रोध पूर्ण आहे. मात्र खंड पडण्याआधीचा टी वेगळा दिसला, तर त्यात वेळेआधी आलेला पी दडलेला असू शकतो. तो रोध नव्हे.

हात थरथरल्याने किंवा इलेक्ट्रोड सैल झाल्याने पट्टीवर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा आभास होतो. अशा वेळी नाडी तपासावी आणि गोंधळातून ठरावीक अंतराने डोकावणारी अरुंद क्यूआरएसची टोके शोधावीत.