गाडीची बॅटरी आणि कॅम्पची बॅटरी: दोन्ही १२ व्होल्टच्याच, पण कामं वेगळी

रात्री किनाऱ्यावर तंबू टाकला, डिकीतला फ्रिज गाडीच्या सॉकेटवर चालू ठेवला, दिव्यांची माळ लावली. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्-टक्. मग धक्का मारायला माणसं शोधायची, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर धक्क्याचाही उपयोग नाही. कॅम्पिंग करणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे कुणाच्या तरी बाबतीत घडलेलं असतं आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: ‘मोठी बॅटरी बसव.’ मला हा सल्ला पटत नाही. बॅटरी लहान असल्यामुळे हे होत नाही, एका जातीच्या बॅटरीकडून दुसऱ्या जातीचं काम करून घेतल्यामुळे होतं.

बॉनेटखालची बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते. १९१२ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आला, हँडल मारायची कटकट संपली, आणि तेव्हापासून तिचं मुख्य काम तेच राहिलं आहे. डिझेल एसयूव्हीचा स्टार्टर सहज २००-३०० अँपिअर ओढतो, पण दोन-तीन सेकंदच. आता हिशेब करून बघा. ३०० अँपिअर तीन सेकंद म्हणजे फक्त पाव अँपिअर-तास (एएच). ७० एएचच्या बॅटरीतला हा अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर तेवढी भर लगेच घालतो. म्हणजे ही बॅटरी आयुष्यभर जवळपास भरलेलीच राहणार, असं धरून ती बनवलेली असते. एकदम मोठा करंट मिळावा म्हणून तिच्या आत पातळ, सच्छिद्र प्लेट्स दाटीवाटीने बसवतात.

रात्रभराच्या फ्रिजची गोष्ट अगदी उलटी आहे. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना ४ अँपिअरच्या आसपास घेतो. तो बंद-चालू होत राहतो, तरी उन्हाळ्यात चोवीस तासांचे ४०-५० एएच धरावेच लागतात. करंट छोटा, पण सलग. पातळ प्लेट्स अशा वेळी खोलवर रिकाम्या होतात, त्यांच्यावरचं शिसं सुटून तळाशी बसायला लागतं, आणि बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली तर प्लेट्सवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. असं चार-सहा वेळा झालं की नवीकोरी बॅटरीही म्हातारी होते.

या कामाची बॅटरी म्हणजे डीप सायकल बॅटरी, आणि ती मराठी घरांना अनोळखी नाही. भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले, त्याखालची ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. तिच्यात धन प्लेटचा माल नळ्यांमध्ये कोंडलेला असतो, त्यामुळे रोज निम्मी रिकामी करून पुन्हा भरली तरी तो सुटून पडत नाही. दुकानात उभं राहून दोन्ही ओळखायच्या असतील तर लेबल वाचा. गाडीच्या बॅटरीवर सीसीएचा (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) आकडा असतो: उणे १८ अंशांत, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, ३० सेकंद किती अँपिअर देता येतील. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सी-१० किंवा सी-२० असं लिहिलेलं असतं. १०० एएच सी-२० म्हणजे ५ अँपिअर सलग वीस तास.

मग घरातली इन्व्हर्टरचीच बॅटरी उचलून डिकीत ठेवली तर? कृपा करून ठेवू नका. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, उंच असल्यामुळे घाटातल्या वळणांवर हेलकावते, आतलं ॲसिड सांडू शकतं, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बंद गाडीत, शेजारी माणसं झोपलेली असताना, हे धोक्याचं आहे. बंद केबिनमध्ये सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली शिशाची बॅटरी) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, यांपैकीच एक घ्यावी. मी एलएफपीच्या बाजूचा आहे. १०० एएचचं वजन साधारण १२ किलो, त्यातले ८०-९० एएच बिनधास्त वापरता येतात. शिशाच्या बॅटरीत निम्म्यावर थांबावं लागतं. चार्जिंगच्या फेऱ्याही हजारोंनी मोजाव्या इतक्या मिळतात. तिचं रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने जगापुढे मांडलं. त्या शोधनिबंधातलं पहिलं नाव ए. के. पाढी या भारतीय संशोधकाचं आहे.

बॅटरी घेईपर्यंत सगळं सोपं असतं. ती भरायची कशी, इथे खरी गडबड होते. जुन्या जिप्सी-बोलेरोच्या जमान्यात दोन बॅटऱ्यांमध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकायचा. इंजिन चालू झालं, व्होल्टेज १३.३ वर गेलं की रिले दोघींना जोडणार, १२.८ च्या खाली आलं की तोडणार. शिशाच्या दोन बॅटऱ्यांना हे चालायचं, कारण अल्टरनेटर सतत १४.२-१४.४ व्होल्ट द्यायचा. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असतो: इंधन वाचवायला हायवेवर तो व्होल्टेज खाली आणतो आणि ब्रेक दाबला की वर नेतो. रिले बिचारा जोडतो-तोडतो, आणि दिवसभर गाडी पळूनही दुसरी बॅटरी अर्धीच. त्यात एलएफपी थेट जोडली तर उलटाच त्रास. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते. टोलनाक्याच्या रांगेत इंजिन आयडलला, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतोय आणि त्याच्यावर पूर्ण भार: कॉइल जळायला दुसरं काय लागतं?

म्हणून दोघींच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. तो गाडीच्या बाजूने येईल ते व्होल्टेज घेतो, दुसऱ्या बाजूला बॅटरीला हवं तेवढंच देतो आणि करंटला लगाम घालतो. २० अँपिअरचा चार्जर असेल तर पुणे-कोल्हापूर चार तासांच्या प्रवासात ८० एएचच्या आसपास भरतात, म्हणजे फ्रिजची दीड-दोन दिवसांची बेगमी. ऑटो इलेक्ट्रिशियन ‘याची गरज नाही साहेब, डायरेक्ट जोडून देतो’ म्हणाला तर तिथून नम्रपणे निघावं.

वायरिंगमध्ये काटकसर करू नका. एक उदाहरण पुरेसं आहे. पुढून डिकीपर्यंत पाच मीटर, परतीचे पाच, असे दहा मीटर. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून फ्रिजचे ४ अँपिअर गेले की जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरीवर १२.३ व्होल्ट असतात, फ्रिजला ११.८ दिसतात, तो ‘बॅटरी लो’ दाखवून बंद पडतो आणि आपण चांगल्या बॅटरीला दोष देतो. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट ०.२ व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा. वायर बॉडीला घासून सोलली गेली तर आग लागण्याआधी तोच उडतो. अजून एक बारकी गोष्ट: नव्या गाड्यांत ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. जादा उपकरणांची ऋण वायर त्या टोकावर न लावता चासीवर घ्यावी, नाहीतर गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो.

किती चार्ज उरला हे बघायची पद्धतही वेगळी. शिशाच्या बॅटरीला तासभर विश्रांती देऊन मीटर लावला तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपली. एलएफपी मात्र बराच वेळ १३.० ते १३.३ च्या चिंचोळ्या पट्ट्यात राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिच्यासाठी आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा शंट मॉनिटर बसवावा.

लडाख-स्पितीला जाणार असाल तर थंडीत दोघींचे स्वभाव अजून वेगळे होतात. गाडीच्या बॅटरीची ताकद उणे १८ अंशांत निम्म्यावर येते. ती भरलेली असेल तर आतलं ॲसिड उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपास गोठून डबा तडकू शकतो. म्हणून तिकडे रात्री तिच्यावर एक दिवाही ठेवू नये. एलएफपीचं गणित निराळं: शून्याखाली ती वीज देते, पण त्या वेळी चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची खराब होते. ऑक्टोबरात स्पितीतल्या काझाला रात्रीचं तापमान शून्याखाली असतं. बॅटरी केबिनमध्ये ठेवा, सकाळी आधी हीटरने गाडी गरम होऊ द्या, मग चार्जर सुरू करा. कमी तापमानाला चार्जिंग तोडणारं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, आहे का, हे विकत घेतानाच विचारा.

प्रत्येकाला दुसरी बॅटरी हवी असं मात्र नाही. ५ वॉटचा एलईडी दिवा पाच तास लावला तर २ एएच जातात. वीकेंडला दिवे आणि दोन फोन एवढंच असेल तर एखादी चांगली पॉवर बँक पुरते. फ्रिज आला की प्रश्न बदलतो. तयार पॉवर स्टेशन हा मधला मार्ग आहे, फक्त ते गाडीच्या सॉकेटवर तासाला शंभर-सव्वाशे वॉट-तासच भरतं. १००० वॉट-तासांचं असेल तर अख्खा दिवस गाडीतच जाईल.

पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तेव्हा दोघींची निगा उलटसुलट असते. बॉनेटखालची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडी करून, व्हॅसलिनचा हात फिरवायचा, आणि झाकणं उघडणारी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची. एलएफपी मात्र निम्मी-साठ टक्के भरलेली ठेवून सगळे लोड तोडायचे आणि थंड, कोरड्या जागी ठेवायची. सहलीच्या आदल्या रात्री तिला शंभर टक्क्यांवर न्यायचं.